भाड्याच्या घरात मेथ या नशेच्या ड्रगच्या धुराचे अवशेष निघाले, टेस्टिंग आणि क्लीनिंगचा आमचा अनुभव

टेस्टिंगवाले आणि क्लीनिंगवाले, दोघांना मिळून चार स्टार देतेय. एक का कापला ते पुढे येईलच.

या घरात येऊन दीड महिना झाला आणि शेजारच्या काकूंकडून कळलं की आधीचे भाडेकरू आतल्या छोट्या बेडरूममध्ये मेथ ओढायचे, पोलीस पण येऊन गेलेले. आमचं बाळ तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं, जमिनीवरचा हात थेट तोंडात, आणि झोपायचं त्याच खोलीत. माझे तर हातपायच गळाले. सिगरेटसारखा वास मागे राहिला असता तर निदान शंका तरी आली असती, पण याचा धूर भिंतीवर, छतावर, पडद्यात, एसीच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि टेस्ट केल्याशिवाय काही म्हणजे काही कळत नाही.

आधी ज्यांना बोलावलं ते टेस्टिंग पण करायचे आणि क्लीनिंग पण. त्यांच्या माणसाने पाच खोल्यांमधले पाच स्वॅब (भिंत पुसून घेतलेले नमुने) एकाच बाटलीत टाकले, काही दिवसांनी ९.५ असा एकच आकडा पाठवला आणि म्हणे सगळं घर खराब झालंय, भिंतींचे बोर्ड उखडायला लागतील. नंतर समजलं की ती पाच जागांची बेरीज होती! कुठल्या खोलीत किती ते त्यातून कळणारच नाही. आणि साफ करायचे पैसे ज्याला मिळणार त्यानेच घर खराब आहे की नाही ते ठरवायचं, हे कसं चालेल?

म्हणून मग टेस्टिंगवाले वेगळे आणि क्लीनिंगवाले वेगळे, एकमेकांशी काही संबंध नसलेले असे शोधले. हा रिव्ह्यू त्या दोघांचा.

टेस्टिंगला आलेल्या ताईंचं काम बघत बसावं असं होतं. पुठ्ठ्याची चौकट, मधे १० बाय १० सेंटीमीटरची खिडकी, ती भिंतीला टेपने चिकटवायची, मिथेनॉलमध्ये भिजवलेलं गॉज आधी आडवं फिरवायचं, घडी घालून मग उभं, आणि लगेच बाटलीत बंद. प्रत्येक खोलीला नवीन ग्लव्हज, नवीन बाटली, बाटलीवर खोलीचं नाव. रिपोर्ट आला तर छोटी बेडरूम ७.१ मायक्रोग्रॅम प्रति १०० चौरस सेंमी, बाकी एकही खोली १ च्या वर नाही. म्हणजे पूर्ण घर उखडायची गरज नव्हतीच.

त्यांनी घाबरवलं पण नाही आणि खोटा धीर पण दिला नाही. न्यूझीलंडच्या २०१७ च्या स्टँडर्डमध्ये मर्यादा १.५ ठरवली होती, ऑस्ट्रेलियाची गाइडलाइन ०.५ म्हणते, पण २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचे विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांनी रिपोर्ट दिला की नुसतं ओढल्यामुळे राहिलेले अवशेष १५ च्या खाली असतील तर त्याने तब्येतीला धोका आहे असा पुरावा नाही. तोवर तिथे सरकारी घरांमधून शेकडो भाडेकरूंना बाहेर काढून झालं होतं, नंतर माफी मागून भरपाई द्यावी लागली. हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली. तरी रांगतं बाळ असताना ७.१ तसंच ठेवायचं नव्हतं, आणि घरमालकांनाही ते पटलं.

क्लीनिंगची टीम दोन दिवस होती. मी ब्लीचची बाटली काढून ठेवली होती ती त्यांनी आधी बाजूला करायला लावली, मेथवर ब्लीच मारलं तर काय काय तयार होईल सांगता येत नाही म्हणे. पडदे, गादी, एसीचा फिल्टर थेट पिशवीत बांधून बाहेर. आधी हेपा व्हॅक्यूम (अगदी बारीक कण पकडणाऱ्या फिल्टरचा), मग छतापासून खाली डिटर्जंटने धुणं, साध्या पाण्याने पुसणं, हेच तीन वेळा, दर वेळी पाणी नवीन. पहिल्या बादलीचं पाणी चहासारखं झालं होतं. रंग आत्ता मारू नका, आधी रिझल्ट येऊ द्या, नाहीतर खालचं तसंच राहून पुन्हा रंगातून वर येतं, हे पण त्यांनीच सांगितलं.

एक स्टार गेला तो कपाटामुळे. मी स्टुलावर चढून कपाटाच्या वर बोट फिरवलं तर आधीचीच चिकट धूळ, तिथे फडकं लागलेलंच नव्हतं, पंख्याच्या पात्यांच्या वरच्या बाजूचं पण तेच. धूर वरच जातो ना, मग वरचंच कसं राहतं? फोन केल्यावर कुरकुर न करता दुसऱ्या दिवशी येऊन करून गेले, पण मी चढले नसते तर?

नंतर त्याच टेस्टिंगवाल्या ताईंनी परत स्वॅब घेतले, कपाटावरून पण घ्यायला लावला. भिंत ०.३, कपाट ०.४. दोन्ही रिपोर्ट ॲग्रीमेंटला जोडून घरमालकांची सही घेतलीय, म्हणजे उद्या आम्ही घर सोडताना कुणी टेस्ट केलीच तर आधीच्यांचं आमच्या डिपॉझिटमधून कापलं जायला नको.