शेततळ्यात नुसती कोळंबी की माशांसोबत?

जंबो कोळंबी तळाशी चरते. ती एकटीच असली की उरलेल्या खाद्यावर वनस्पती प्लवंग (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) माजतात, पाणी गर्द हिरवं होतं, पहाटे ऑक्सिजन तुटतो. कोळंबी काठाला गोळा झाली की समजा, उशीर झालाय.

सोबत चंदेरा (सिल्व्हर कार्प मासा) असेल तर तो हेच प्लवंग गाळून खातो. एकटा कटला मासा मात्र नको: हे शेवाळ फस्त करणारे प्राणिप्लवंगच (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) तो संपवतो! मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे तर टाळाच. ते तळाचं खाद्य पळवतात.

सेकी तबकडी (पाण्याचा गढूळपणा मोजायला दोरीने खाली सोडायची काळी-पांढरी चकती) दोन्ही पद्धतींत 30 ते 40 सेंमीवर दिसेनाशी व्हावी.

काढणी आणि प्रतवारी नुसत्या कोळंबीत सोपी. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) व खात्रीची वीज असेल तर तीच घ्या. वीज बेभरवशाची असेल, तर तळ्यात कोळंबी विरळ सोडा आणि चंदेरा-कटला जोडीला ठेवा.