मुलाच्या दारी येणारी शाळा : डोअर स्टेप स्कूलच्या कामाविषयी

आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे, पुण्यात, दोन वर्षे एका मोठ्या गृहप्रकल्पाचे काम चालू होते आणि तेथे पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची मुले दिवसभर वाळूच्या ढिगाऱ्यावर दिसत. त्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल या संस्थेचा वर्ग सुरू झाला, तेव्हा काही महिने दर शनिवारी मी तेथे गोष्टी वाचून दाखवायला जात असे. देणगी देण्यापूर्वी लोक संस्थेचे हिशेब विचारतात आणि ते योग्यच आहे. पण काम प्रत्यक्ष कसे चालते याची चौकशी फारशी होत नाही, म्हणून हा अनुभव नोंदवत आहे.

रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत हे काम सुरू केले आणि पुढे ते पुण्यातही रुजले. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा त्यामागचा विचार. जिथे वर्गासाठी खोली मिळत नाही, तिथे संस्थेची बसच वर्ग होते. आमच्या शेजारच्या बिल्डरने, मला आजही खटकते, बरेच दिवस साधी खोलीसुद्धा दिली नाही. सिमेंटच्या गोण्यांना मात्र पक्के छप्पर होते.

माझ्या दृष्टीने या सेवेचा खरा कस लागतो तो शिकवण्याच्या आधी. पहिल्याच आठवड्यात कडेवर धाकट्या भावाला घेतलेली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. वय विचारले तर तिला सांगता येईना. वर्गाच्या शिक्षिका ताईंनी तिला हसायला लावले, वरचे पुढचे दोन दात नुकते आलेले पाहिले आणि मग तिच्या आईला गाठून, हिच्या जन्माच्या वेळी तुम्ही कोणत्या कामावर होतात, गावी पाऊसपाणी कसे होते, असे एकेक विचारत वर्षाचा अंदाज बांधला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. हा कायदा त्या आईला कोणी सांगितला नव्हता. ताईंनी तो पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून, तिच्या भाषेत समजावला. धाकट्याला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न तरीही उरलाच होता, म्हणून त्यालाही बालवाडीत बसवून घेतले गेले. मोठ्या बहिणीला शिकवायचे असेल, तर आधी धाकट्याची सोय लावावी लागते, हे मला तेथे उमगले.

आपला वर्ग भरलेला राहावा, एवढ्यावर संस्था समाधान मानत नाही. मुलांना महापालिकेच्या शाळेत दाखल करणे, त्यांच्या जाण्या-येण्याची सोय पाहणे आणि ती तेथे टिकतात की नाही याचा पाठपुरावा करणे, हे काम वर्गाइतकेच मानले जाते. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अडचणी मोठ्या आहेत. घरात कानडी, हिंदी किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणाऱ्या मुलांना मराठी अक्षरे शिकवायची, आणि हाताला त्यांचे वळण लागते न लागते तोच स्लॅबचे काम संपून मुकादम सगळी टोळी दुसऱ्या साइटवर हलवतो. या कामाचे मोल वर्षअखेरच्या पटसंख्येवरून ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

मदत करू इच्छिणाऱ्यांना एकच विनंती आहे. वाढदिवसाला केक घेऊन एकदा जाण्यापेक्षा नियमित रक्कम द्यावी, म्हणजे ताईंचे मानधन आणि बसचे इंधन यांची तजवीज होते. वेळ देणार असाल, तर वार आणि तास ठरवून तो पाळावा, कारण शनिवारी मुले वाट पाहत असतात.

त्या मुलीचे कुटुंब दिवाळीनंतर हलले. टेम्पोत भांडी चढत असताना ताई मुकादमाकडून नव्या साइटचा पत्ता वहीत उतरवून घेत होत्या, आणि ती मुलगी भावाला कडेवर घेऊन, पत्ता नीट लिहिला जातो आहे ना, हे वाकून पाहत होती.