मायएसक्यूएलमध्ये वेळ साठवताना: टाइमस्टॅम्प की डेटटाइम?

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत नवे टेबल आखताना नोंदीची वेळ टाइमस्टॅम्प प्रकारात ठेवावी की डेटटाइम प्रकारात, असा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे. दोन्ही प्रकार मी प्रत्यक्ष कामात वापरले असून आता माझा कल एकाकडे झुकलेला आहे. तो लपवण्याचा प्रयत्न केला तरी लपणार नाही. मूळ फरक वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो: टाइमस्टॅम्प लिहिताना सेशनच्या (म्हणजे डेटाबेसशी उघडलेल्या त्या जोडणीच्या) टाइम झोनमधून यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, रूपांतर करतो आणि वाचताना उलट रूपांतर करतो, तर डेटटाइम दिलेली वेळ जशीच्या तशी ठेवतो.

जागेचा मुद्दा आता नावापुरता उरला आहे. 5.6.4 या आवृत्तीपासून डेटटाइमला 8 ऐवजी 5 बाइट लागतात आणि टाइमस्टॅम्पला 4. त्या एका बाइटसाठी कोणी निर्णय फिरवावा असे मला वाटत नाही. टाइमस्टॅम्पची 19 जानेवारी 2038, 03:14:07 यूटीसी ही मर्यादा अधिक गंभीर आहे. नोंद कधी तयार झाली एवढेच सांगणाऱ्या कॉलमला ती आज बोचत नाही, पण दीर्घ मुदतीच्या करारांच्या किंवा परवान्यांच्या अंतिम तारखांना ती आजच आडवी येते. 8.0.28 पासून 64-बिट यंत्रणांवर युनिक्स वेळेची रूपांतरे करणारी फंक्शने 2038 च्या पुढे जातात, त्यामुळे प्रश्न मिटला असा समज होऊ शकतो. कॉलमची मर्यादा मात्र होती तिथेच आहे.

टाइमस्टॅम्पच्या बाजूने बोलायचे तर त्याची कल्पना निःसंशय सुबक आहे. प्रत्येक नोंद काळातल्या एका निश्चित क्षणाला बांधलेली राहते, आणि ज्या वापरकर्त्याला ज्या झोनमध्ये वेळ पाहायची असेल त्याच्यासाठी सेशनची एक सेटिंग बदलली की पुरते. सर्व जोडण्या एकाच अॅप्लिकेशनकडून येत असतील आणि प्रत्येक जोडणी उघडताच झोन ठरवून दिला जात असेल, तर हा प्रकार वर्षानुवर्षे तक्रारीविना चालू शकतो, हे मान्य केले पाहिजे.

माझ्या बाबतीत पारडे फिरले ते नेमके या सेटिंगमुळे. टाइमस्टॅम्प कॉलमवरची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, स्वतःपुरती पूर्ण नसते. तिचे उत्तर ती कोणत्या सेशनमध्ये चालली यावर अवलंबून असते, आणि तो झोन क्वेरीच्या मजकुरात कुठेही दिसत नाही. यूटीसीप्रमाणे 31 मार्चला 18:45 वाजता झालेला व्यवहार साडेपाच तास पुढे असलेल्या सेशनमध्ये 1 एप्रिलच्या 00:15 चा दिसतो. म्हणजे तारखेवर गट पाडणारी एकच क्वेरी दोन ठिकाणी चालवली, तर केवळ दिवसाचीच नव्हे तर महिन्याची बेरीजही बदलते. मी ज्या प्रणालीवर काम करत होतो तिथे अॅप्लिकेशनचा आकडा, रिपोर्टच्या साधनाचा आकडा आणि माझ्या टर्मिनलवरचा आकडा असे तीन वेगवेगळे आकडे समोर असत, आणि तिन्ही आपापल्या सेशनच्या हिशेबाने बरोबर असत. दोन्ही टोके धरणारी बिटवीन ही अट टाळून ‘या वेळेपासून, त्या वेळेच्या आधीपर्यंत’ अशी अर्धखुली अट लिहिल्याने 23:59:59 नंतरच्या अपूर्णांक सेकंदांचा घोळ मिटतो, म्हणून ती दोन्ही प्रकारांत लिहावीच. पण हा रोग तिने बरा होत नाही, कारण अटीत लिहिलेली वेळसुद्धा सेशनच्याच झोनमध्ये वाचली जाते.

त्यात कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या उघड्या जोडण्यांचा साठा, असेल तर शोध आणखी लांबतो. एखाद्या कामाने झोन बदलून जोडणी पूलमध्ये परत केली आणि पूलने ती पूर्ववत केली नाही, तर पुढच्या कामाला बदललेला झोन वारशाने मिळतो, आणि मग तीच क्वेरी कधी बरोबर, कधी चुकीचे उत्तर देते. बॅकअपची फाइल उघडून पडताळावे, तर बॅकअप काढणारे मायएसक्यूएलडंप हे साधन मुळातच झोन यूटीसीला लावून टाइमस्टॅम्प लिहिते, म्हणून तिथे चौथीच वेळ दिसण्याचीही शक्यता असते. सहकाऱ्याने पाठवलेल्या निकालाच्या चित्रावरून काहीही ठरवता येत नाही, जोवर त्याच्या सेशनचा झोन विचारला जात नाही. डेटटाइममध्ये चूक होतच नाही असे नाही, पण झालीच तर ती सर्वांना सारखीच चुकीची दिसते, आणि माझ्या मते अशी चूक शोधणे कितीतरी सोपे असते.

घड्याळे वर्षातून दोनदा पुढेमागे होणाऱ्या झोनमध्ये सेशन असेल तर टाइमस्टॅम्पची आणखी एक बाजू उघडी पडते. 27 ऑक्टोबर 2024 रोजी यूटीसीतील 00:30 आणि 01:30 हे दोन्ही क्षण बर्लिनच्या घड्याळात 02:30 असेच होते. अशा सेशनमध्ये 02:30 ची नोंद मागितली, तर कॉलमवर इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नसताना दोन्ही ओळी मिळतात आणि इंडेक्स वापरला गेला तर एकच मिळते, कारण पहिल्या वेळी तुलना स्थानिक वेळेत होते आणि दुसऱ्या वेळी यूटीसीत. इंडेक्स घातल्याने वेग बदलावा हे समजते. ओळींची संख्या बदलावी हे पचवणे मला तरी जड गेले.

डेटटाइम निवडणाऱ्याला काही किंमत चुकवावी लागते. आतली वेळ यूटीसी आहे हे कॉलम स्वतः सांगत नाही. ते नावातून किंवा लिखित नियमातून पाळावे लागते. डीफॉल्ट म्हणून करंट_टाइमस्टॅम्प (चालू वेळ) लिहिले तर डेटटाइममध्ये सेशनची स्थानिक वेळ जाऊन बसते. 8.0.13 पासून कंसात यूटीसी_टाइमस्टॅम्प() हे डीफॉल्ट देता येते, पण ओळ बदलताच वेळ आपोआप नोंदवणाऱ्या ‘ऑन अपडेट’साठी तशी सोय नाही, तिथे ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) लावावा लागतो किंवा सर्व्हरचाच झोन यूटीसी ठेवावा लागतो. मी दुसरा मार्ग पत्करतो. रिपोर्टसाठी स्थानिक दिवस हवा असेल तेव्हा कॉलमला फंक्शनमध्ये न गुंडाळता दिवसाच्या दोन्ही सीमा कन्व्हर्ट_टीझेड या झोन बदलणाऱ्या फंक्शनने यूटीसीत आणाव्यात, म्हणजे साधा इंडेक्स वापरला जातो. झोनची तक्ते सर्व्हरवर भरलेली नसतील तर नावाने दिलेल्या झोनसाठी हे फंक्शन मुकाट्याने नल (रिकामे मूल्य) देते आणि क्वेरी एकही ओळ न देता, कुठलीही त्रुटी न दाखवता संपते. म्हणून रिकामा निकाल आला की आधी तेवढे तपासावे.

भविष्यातील भेटींच्या वेळांसाठी मात्र यूटीसीचा हट्ट कोणत्याही प्रकारात धरू नये. मेक्सिकोने 2022 मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली. अशा बदलानंतर आधीच यूटीसीत रूपांतरित करून ठेवलेली सकाळी दहाची भेट दहाची राहत नाही. तिथे स्थानिक वेळ डेटटाइममध्ये आणि झोनचे नाव शेजारच्या कॉलममध्ये ठेवणे बरे.

जुने टेबल टाइमस्टॅम्पवरून डेटटाइमवर आणायचे ठरले, तर ऑल्टर ही टेबलाची रचना बदलणारी आज्ञा चालवण्यापूर्वी त्याच सेशनमध्ये झोन '+00:00' करून घ्यावा, कारण हे रूपांतरही सेशनच्याच झोनमध्ये होते.