वीस महिन्यांनंतर: इलेक्ट्रिक गाडी मस्त, पण मागच्या ब्रेकने डोकं उठवलं

रेंज, बॅटरी, पिकअप यावर लिहीत बसत नाही, ते सगळ्यांना माहितीये आणि माझी त्यात तक्रारही नाही. २४ हजार किलोमीटर झाले, मला बोलायचंय ते फक्त मागच्या ब्रेकबद्दल.

गेल्या महिन्यात मागच्या डाव्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला. सर्व्हिस सेंटरला नेली तर दोन तासांत फोन, मागच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील, वॉरंटीत बसत नाही, ब्रेक म्हणजे झिजणारा पार्ट. अहो पण झिजलंय कुठे? मी समोर उभं राहून चाक काढायला लावलं. बाहेरच्या पॅडवर आठ मिलिमीटर माल शिल्लक, आतला मात्र तिरका खाल्लेला, आणि डिस्कवर गंजाचा रुंद पट्टा, बोट फिरवलं तर पापुद्रे हाताला लागत होते.

वापरून झिजलं तर पैसे मी देतोच, पण हे न वापरल्यामुळे खराब झालंय. रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटर वीज बनवून बॅटरीत परत भरते त्यामुळे, गाडी मोटरच हळू करते, पॅड डिस्कला धड घासतच नाहीत, त्यात मागच्या ब्रेकवर भार मुळातच कमी, मग ओल बसली की गंज निघायचा कसा? फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ ला मागे ड्रम दिलेत, ते बघून आधी मला कंजूषपणा वाटला होता, आता पटतंय, ड्रम बंद असतो, आत गंज कमी धरतो.

इथपर्यंत माझा सगळा राग वॉरंटीवर होता. मग मेकॅनिकने कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, स्लाइड पिन दाखवली, हिच्यावरच तो सरकतो, पान्याने जोर लावला तरी हलेना, ग्रीस पार सुकलेलं. कॅलिपर सरकत नव्हता म्हणूनच पॅड तिरका झिजला. घरी येऊन मॅन्युअल काढलं तर दरवर्षी ब्रेक साफ करून पिनांना ग्रीस लावायला सांगितलंय, आणि मागच्या सर्व्हिसच्या कागदावर ब्रेकसमोर नुसती टिक! म्हणजे दोष गाडीचा कमी, न केलेल्या कामाचा जास्त. तो कागद आणि फोटो जोडून तीन मेल केले, तेव्हा पॅड आणि मजुरी त्यांनी सोडली, डिस्कचे पैसे मात्र माझ्याच खिशातून गेले आणि ते मला अजून सलतंय.

ब्रेक ऑइलचंही तेच, ते हवेतली ओल शोषतं, गाडी कमी चालली तरी मुदतीत बदलावंच लागतं, माझ्या गाडीला दोन वर्षं.

आता आठवड्यातून एकदा रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, न्यूट्रल टाकतो आणि चार-पाच वेळा दाबून ब्रेक मारतो. नुसतं रीजन शून्यावर ठेवून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत पेडल आधी मोटरलाच कामाला लावतं. काल बघितलं, डिस्क आरशासारखी आहे. पुढच्या सर्व्हिसला चावी देण्याआधी जॉब कार्डवर 'चारही कॅलिपरच्या पिना काढून, साफ करून ग्रीस' असं लिहून घेणार, त्याशिवाय गाडी आत सोडणार नाही.