बाबांच्या नाण्यांच्या ड्रॉइंगची फ्रेम इथे केली, फार जपून काम करतात

बाबा मुंबईच्या टांकसाळीत एनग्रेव्हिंगला होते, रिटायर होऊन नागपूरला आले तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी होती अन् त्यात त्यांनी हाताने काढलेली पेन्सिलची ड्रॉइंग्ज. ते गेल्यावर फ्रेम करायचं ठरलं. आधी सीताबर्डीवर एका दुकानात एक दिलं होतं, त्यांनी सरळ गोंद लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं अन् कडेला बाबांनी लिहिलेलं घाण समजून कापून टाकलं, मी दुकानातच रडले. म्हणून इथे भीत भीतच आले.

या फ्रेमवाल्या भाऊंनी आधी हात धुतले, मग ड्रॉइंग टेबलावर ठेवून विचारलं, ताई, मधोमध हे बारीक भोक कशाचं जी? म्हटलं कंपासचं. नाणं बोटाच्या पेराएवढं असलं तरी ड्रॉइंग ताटलीएवढं करतात, त्यावरून प्लास्टरचं मॉडेल, मग रिड्यूसिंग मशीनची सुई मॉडेलवरून फिरते अन् दुसऱ्या टोकाला कटर तेच लहान करून पोलादात कोरतं. एवढं लहान झाल्यावर काय दिसेल ते कागदावरच ठरवावं लागतं. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, केवढी बोंब झाली, १९१२ ला सोंड नीट दिसेल असा बदलावा लागला, बाबा हे नेहमी सांगायचे.

भाऊंनी माउंट, म्हणजे ड्रॉइंगभोवतीचा पुठ्ठा, नाण्यासारखा गोल कापलाच नाही. भोक, तीनदा खोडलेली कमळाची पाकळी, कडेला पेन्सिलने "उठाव कमी" लिहिलंय ते, सगळं दिसतं. माउंट अ‍ॅसिड फ्री, कागद वरून फक्त दोन जपानी कागदाच्या पट्ट्यांवर लटकवलाय, त्याही गव्हाच्या खळीने, ओल्या केल्या की निघतात. काच कागदाला टेकत नाही. अन् कूलरच्या हवेसमोर अजिबात लावू नका म्हणाले, उन्हाळाभर ओल खाऊन कागद फुगतो, हे नागपुरात मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं. कमळाखाली १९६९ चं २० पैशाचं पिवळं नाणं बसवून दिलं, त्यावरही कमळच आहे, एवढंसं नाणं अन् वर एवढं मोठं ड्रॉइंग, पाहणारा थांबतोच.

दहा दिवस सांगून अठरा लागले अन् तीन फ्रेमचे ५४०० झाले, स्वस्त नाही. पण एका कागदाच्या मागे बाबांनी "भारत" उलटं लिहून पाहिलं होतं, नाणं छापायच्या डायवर, म्हणजे पोलादी ठशावर, अक्षरं उलटीच असतात नं, ते मला माहीतच नव्हतं, भाऊंनाच दिसलं अन् त्यांनी न विचारता मागेही काच लावली. घरी आणल्यावर आईने ती फ्रेम कपाटाच्या आरशासमोर धरली अन् कितीतरी वेळ तशीच उभी होती.