त्रियुगीनारायणच्या लग्नासाठी शिवलेली नौवारी

त्रियुगीनारायणला घरच्या कोणाला न बोलावता दोघांनीच लग्न करायचे ठरवल्यावर सर्वांत अवघड प्रश्न कपड्यांचा होता. कारण उत्तराखंडमधले ते मंदिर सुमारे 1,980 मीटर उंचीवर आहे आणि दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत असल्यामुळे ठाण्याच्या उकाड्यात पसंत पडलेला शालू तिथे पुरा पडणार नव्हता. नौपाड्यातील एका लहानशा शिवणदुकानातील काकूंनी घागऱ्याचा माझा विचार पहिल्याच भेटीत खोडून काढला. "चढावर एवढा घेर कोण सावरणार?" असे म्हणून त्यांनी शिवलेली नौवारी सुचवली, कारण काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात आणि आत लोकरीची घट्ट विजार सहज मावते. मला ट्रेकिंगचे बूट घालूनच त्यांनी स्टुलावर उभे केले, टाचेत अडकू नये म्हणून काठ दोन बोटे वर घेतला आणि तिथेच टाचण्या लावल्या. सुती बनियन घाम धरून ठेवते, म्हणून ब्लाउजची माया त्यांनी पातळ लोकरी थर्मलवर बसेल एवढी सोडली. ही समज मला इतर दुकानांत आढळली नाही.

ब्लाउज मात्र चार दिवस उशिरा मिळाला आणि एक हूक घरी बसवावा लागला. शिलाई 2,800 रुपये पडली. लग्न लागताना मी शाल खांद्यावरून काढली, तरी थंडी वाजली नाही.