एनव्हीडीए आठ महिने वापरून: मराठी साईटवर कुठे चालतं, कुठे अडतं

काचबिंदूने नजर जात जात शेवटी स्क्रीन दिसायचीच बंद झाली, तेव्हा भाच्याने लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकून दिलं, त्याला आता आठ महिने झाले. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करनने सुरू केला, मग जेमी तेह जोडीला आला, दोघंही स्वतः दृष्टिहीन. वापरताना ते जाणवतं, माऊसला हात लावावाच लागत नाही.

पहिले पंधरा दिवस मात्र रडकुंडीला आले होते. त्यात बोलण्याचं काम करणाऱ्या ईस्पीकचा मराठी आवाज एकदम यंत्रासारखा, कानाला टोचतो. पण सोडू नका. कान सरावतो, आता मी वेग बराच वाढवलाय आणि घरातल्यांना त्यातला एक शब्द कळत नाही. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकची यादी. मराठी विकिपीडियावर हे इतकं छान चालतं की लांबलचक लेखातून मला हवा तो भाग दोन सेकंदात सापडतो, कारण तिथे हेडिंग खरोखरची हेडिंग आहेत, नुसती जाड केलेली अक्षरं नाहीत.

आता अडतं कुठे. वीजबिल भरायच्या साईटवर गेले की नुसतं "एडिट, ब्लँक", "एडिट, ब्लँक". ग्राहक क्रमांक कुठल्या रकान्यात, मोबाईल कुठल्यात, काही कळत नाही, कारण रकान्यांना लेबलच दिलेलं नाही. पुढे कॅप्चा, म्हणजे तुम्ही माणूसच आहात हे तपासायला वाकडीतिकडी अक्षरं वाचून टाईप करायची, तोही फक्त चित्रातला. मग शेजारच्या पोरीला हाक मारायची, ती कॅप्चा वाचेपर्यंत सेशन संपतं, परत पहिल्यापासून. आणि स्वतःचं पैशाचं काम दुसऱ्याच्या डोळ्यांनी करायचं हे मला फार लागतं हो.

दुसरं दुखणं पीडीएफचं. जाहिराती, परिपत्रकं एकतर स्कॅन करून टाकलेली, म्हणजे माझ्यासाठी कोरा कागद, नाहीतर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधली, मग एनव्हीडीए इंग्रजी अक्षरांचा नुसता काला वाचतं. काही साईट मराठी असून कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असते, मग आवाज आपोआप इंग्रजीवर जातो आणि मराठी मजकुराचं पार वाटोळं होतं. तिथे इंग्रजीच्या "en" ऐवजी मराठीची "mr" एवढी दोनच अक्षरं बदलायची असतात!

यातला एकही दोष एनव्हीडीएचा नाही, म्हणून मी त्याला पाचपैकी पाच देते. आणि साईट आम्हाला वापरता येणं ही काही कुणाची मेहेरबानी पण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल केवायसीच्या (बँक वगैरेसाठी ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ओळख पटवताना डोळे मिचकवून दाखवा असं ॲप सांगतं, ज्याला ते जमतच नाही त्याने काय करायचं?

साईट बनवणाऱ्यांनी एकदा माऊस काढून ठेवून फक्त टॅब दाबत आपलाच फॉर्म भरून बघावा. बिलाच्या साईटला मी दोन मेल केलेत, कुठल्या रकान्याला काय लेबल हवं ते सगळं लिहून. उत्तर नाही. पुढचं बिल आलं की तिसरा करणार आहे.